पिल्लांवरची मरळ

१

मरळ धरायची तर आधी आपली सावली सांभाळायची, असं देवीदास सांगायचा. या मासोळीचं डोकं सापासारखं चपटं, डोळे वरच्या अंगाला. ऊन पाठीशी घेऊन बसलं की सावली पाण्यावर पडते. तिला ती आधी दिसते, गळाला लावलेली बेडकी नंतर.

पूर्णेच्या काठाला त्याची वांग्या-कोथिंबिरीची वाडी होती, वाडीतच घर. भाजी सकाळच्या जीपने दर्यापूरला गेली, वाफ्यांना पाणी सोडून झालं, की जेवणानंतरची दुपार त्याची स्वतःची. बांबूची काठी, जाड दोरा, एक गळ, डब्यात चार-दोन जिवंत बेडक्या. बेडकीच्या पाठीच्या कातडीतून गळ असा ओवायचा की तिला पोहता आलं पाहिजे. मेलेल्या बेडकीकडे मरळ ढुंकून पाहत नाही.

मोतीराम भोई येता-जाता टोमणा मारायचा, "देवीदास, तू वांगे इक ना बाप्पा. आमी का तुह्या वावरात येऊन मेथी पेरतो का?"

"पेर की. उगवली तर तुही," देवीदास म्हणायचा, आणि पाण्यावरची नजर हलवायचा नाही.

नजरेपेक्षा कान मोठा. मरळीला नुसत्या पाण्यावर भागत नाही, तिला हवा लागते. अधूनमधून तोंड वर काढून ती एक घोट हवा पिते आणि खाली जाते. गुळुक्. भरल्या माठात तांब्या बुडवावा तसा आवाज. तो एकदा ऐकू आला की देवीदास तिथेच बूड टेकायचा.

आणि सगळ्यात अवघड ते ओढायचं. मरळ बेडकी धरते तेव्हा हिसका बसत नाही. कुणी दोऱ्याला बोट लावून पाहावं, एवढीच ओढ. ती आधी आडवी धरते, तोंडातल्या तोंडात फिरवते, मग गिळते. तोवर दोरा सैल सोडायचा. नवखा माणूस घाबरून ओढतो आणि रिकामा गळ घेऊन घरी जातो. देवीदासच्या बोटांना आता त्याला विचारावंही लागत नसे. ओढ लागली की ती आपोआप सैल होत.

एक मरळ मात्र तो धरत नसे. पिल्लांवरची. मरळीची पिल्लं शेंदरासारखी लाल असतात, शेकड्यांनी एकत्र फिरतात. पाण्याच्या वरच्या थरात लाल गोळा तरंगत असतो आणि त्याच्या खाली, काळोखात, आईबाप. ही मरळ धरणं सगळ्यात सोपं. गोळ्यात बेडकी नाचवली की आई भूक नसताना धावून येते. म्हणूनच त्याच्या बापाने ती मना केली होती. "पिल्लाईले त्रास देल्ला की माय येतेच," बाप म्हणायचा, "तिच्यात का शिकार हाय बे?"

२

वर्षाली, त्याची एकुलती एक लेक, बाळंतपणाला तिवशाहून माहेरी आली होती. अमरावतीला सिझर झालं. मुलगी झाली, ठणठणीत. वर्षालीचा टाका मात्र पिकला. ताप उतरेना, अंगावर दूध येईना, ताट समोर आलं की ती भिंतीकडे तोंड फिरवायची. पुन्हा अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी औषध बदललं आणि देवीदासला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्या अंगात काही उरलेलं नाही, पोटात अन्न गेलं नाही तर टाका भरणार नाही, आणि मग आमच्याही हातात काही राहणार नाही.

देवीदास खाटेजवळ बसून लेकीच्या मनगटाकडे बघत राहायचा. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या.

एका सकाळी ती आपण होऊन बोलली. "बाबा, मरळीचा रस्सा पेईन मी."

श्रावण होता. श्रावणात त्या घरात अंडं येत नसे. देवीदासने बायकोकडे पाहिलं.

"मायाकडे काय पाह्यता?" शकुन म्हणाली. "देवाचं मी पाहून घेतो. तुमी मासोळी आना." आणि तिने अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली.

पण नदी गढूळ होती. देवीदास रोज जायचा आणि बेडक्या तशाच परत आणायचा. बाजारातली मासळी आणली, तर वर्षालीने पहिला घासच ओकून टाकला. मोतीरामने जाळं टाकून पाहिलं. "मरळ राह्यलीच नाई गा नदीत," तो म्हणाला, आणि या वेळी टोमणा मारला नाही.

पाणी निवळलं त्या दिवशी नदीच्या वळणावर, बाभळीखालच्या डोहात, देवीदासला लाल गोळा दिसला. तो उभा राहिला. मग काठी खांद्यावर टाकून घरी परतला. घरी शकुन वर्षालीला उठवून बसवत होती, आणि वर्षालीची मान एका बाजूला अशी कलंडली, जशी दोरा सुटलेल्या कठपुतळीची कलंडावी. "वर्षाली, वं माय, इकडे पाह्य!" शकुन तिचे गाल थापटत होती.

देवीदास तसाच मागे फिरला.

गोळ्यात बेडकी टाकताना तो पाण्याला म्हणाला, "माफ कर माय. मलेही लेकरू हाय." दोऱ्याला बोट लागावं तशी ओढ आली. बोटं सैल झाली. मग त्याने ओढलं. हाताएवढी लांब मरळ काठावर पडली आणि तिने एकदाही उडी मारली नाही. नुसती पडून राहिली, तोंड पाण्याकडे.

मागे गोळा जागच्या जागी फिरत होता. खंड्या वरच्या फांदीवर येऊन बसलाच होता. दिवस मावळायच्या आत एकही पिल्लू उरणार नाही, हे देवीदासला ठाऊक होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

३

मरळ पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. शकुन मसाला वाटेपर्यंत ती अंगणातल्या बादलीत होती. अधूनमधून गुळुक् व्हायचं, आणि खाटेवरची वर्षाली डोळे उघडायची.

शकुनने राख लावून मासोळी धरली, कापली, रस्सा केला. वर्षालीने पहिली वाटी फुंकर न घालता पिऊन टाकली. दुसरी मागितली. मग काटे चोखत बसली, एकेक, शांतपणे. शकुनने पदराने डोळे पुसले. "पाह्यलं?" ती नवऱ्याला म्हणाली. "अमरावतीच्या डॉक्टरले जमलं नाई ते!"

"डॉक्टरले गळ टाकता येते का?" देवीदास म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी तिघंही हसली.

दिवेलागणीला तो अंगणात बसला होता. मन हलकं होतं. तेवढ्यात आवाज आला.

गुळुक्.

त्याने सवयीने बादलीकडे पाहिलं. बादली धुऊन भिंतीशी उपडी घातलेली होती.

त्याने कान दिला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, घरातून. आतल्या खोलीतून.

घरातलं पाणी नदीवरच्या मोटारीनेच यायचं. विहिरींचं पाणी खारं, ते तोंडात धरवत नाही. पाइपात हवा अडकली की असा आवाज येतो. उद्या मोटारीपाशी जाऊन पाहू, असं म्हणून तो उठला. आतल्या खोलीत नळ नव्हता, हे त्याला अंथरुणाला पाठ टेकल्यावर आठवलं.

४

वर्षाली सुधारली. एवढी झपाट्याने, की शेजारची माणिकबाई रोज नुसती बघायला येऊ लागली. ताप गेला. टाका सुकला. दूध आलं. शकुनने नारळ फोडला आणि बारशाचं बोलू लागली.

देवीदासला आनंदच होता. फक्त एक गोष्ट त्याच्या कानात अडकली होती. वर्षालीचा श्वास. ती शेजारी बसली असली, तरी तो ऐकू येत नसे. छाती हलत नसे. आता हिला हाक मारावी, असं वाटेपर्यंत काही नाही. आणि मग तोंड किंचित उघडून एकच घोट. अशक्त माणूस असाच श्वास घेत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण ती आता अशक्त नव्हती.

बाळाला ती पाजायची, पण पाजताना बघायची खिडकीकडे. खिडकीतून नदी दिसत नव्हती, नुसती बाभळ दिसायची.

"बाबा," एकदा तिने विचारलं, "पिल्लं कोनापाशी हायेत?"

"कोनते पिल्लं?"

"तिचे."

देवीदास उठून सैपाकघरात गेला. "तू तिले पिल्लाईचं सांगलं काहून?" तो शकुनवर खेकसला.

"कोनते पिल्लं?"

"मरळीचे. पिल्लांवरची होती ते."

शकुनच्या हातातलं लाटणं थांबलं. "तुमी मले सांगलं असतं," ती हळूच म्हणाली, "तर मी ते चुलीवर चढवली असती का? बाळंतिणीच्या तोंडी?"

मग आपणच तापाच्या घाईत वर्षालीजवळ काही बोललो असू, असं देवीदासने ठरवलं. माणूस बोलून जातो आणि विसरतो. फक्त एवढंच, की पिल्लांविषयी तिच्याजवळ बोलल्याचं त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

५

काठी न घेता तो डोहावर गेला.

लाल गोळा तिथेच होता. तसाच भरगच्च, एकही पिल्लू कमी झाल्यासारखं वाटत नव्हतं. आई उचलली की अशी पिल्लं सांज पाहत नाहीत, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याने वर पाहिलं. खंड्या फांदीवर होता. पाण्याकडे पाठ करून बसला होता.

बाप असंन खाली, देवीदासने मनाशी म्हटलं. बापही राखतो. त्यात नवल काही नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार पाणी ओढेना. देवीदास कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि पाइपाच्या तोंडाची जाळी साफ करायला हात खाली घातला. हाताला काही तरी मऊ, जिवंत लागलं. त्याने वाकून पाहिलं. गोळा डोहातून इथवर आला होता. पिल्लं जाळीला चिकटून होती, सगळ्यांची तोंडं पाइपाकडे. पाणी जिकडे जातं तिकडे. घराकडे.

त्याने हाताने ती हाकलली. ती बाजूला झाली आणि परत आली. तो वर आला, मोटार तशीच बंद ठेवली, आणि दिवसभर वाफ्यांना बादल्यांनी पाणी घातलं. शकुनने विचारलं तेव्हा म्हणाला, मोटार जळली.

"मंग घरातल्या टाकीचं पानी पुरंन का?" ती म्हणाली. "वर्षाली तर सारी टाकी न्हानीत रिकामी करून राह्यली. पाहावं तवा आंघोळ."

६

न्हाणीचं दार लोटलेलं होतं. आत पाण्याचा आवाज नव्हता.

"वर्षाली?"

देवीदासने बाहेर उभं राहून वाट पाहिली. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. पण माणसाचा दम पुरेल त्याहून जास्त. मग आतून आवाज आला. गुळुक्. आणि पुन्हा शांत.

"शकुन! इकडे ये!" त्याने हाक दिली, पण तिची वाट न पाहता दार ढकललं.

वर्षाली सिमेंटच्या टाकीशी गुडघ्यांवर बसली होती. अंगावर सगळे कपडे होते. डोकं मानेपर्यंत पाण्यात. केस वर तरंगत होते आणि केसांखाली काहीच हलत नव्हतं. देवीदासने तिचे खांदे धरून तिला मागे खेचलं. तिने डोळे उघडले. ती घाबरली नव्हती, दम लागला नव्हता.

"बाबा, बाहेर घुसमटते मले," ती म्हणाली. लहानपणी पोट दुखतं म्हणून सांगायची, त्याच आवाजात.

शकुनने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि धाय मोकलून रडू लागली. देवीदासने ओल्या हातांनीच जावयाला फोन लावला.

"कुंदनराव, गाडी घेऊन या. वर्षालीले घेऊन जा."

"काय झालं मामाजी? बारशालेच येनार होतो ना आमी."

"बारसं तिकडेच करा. आताच निघा."

"आता? तब्येत तर चांगली म्हनत होत्या मामीजी."

"चांगली हाय म्हनूनच नेऊन राह्यले असं समजा. नदीपासून लांब न्या तिले, बस. हात जोडतो तुमाले."

पलीकडे कुंदन म्हणाला, सकाळी पोहोचतो.

त्या रात्री देवीदास खोलीच्या दारात आडवा झोपला. वर्षाली उठली नाही. उजाडलं तेव्हा त्याला वाटलं, टळलं.

७

कुंदनची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे पंक्चर झाली. देवीदास फोन घेऊन रस्त्यापर्यंत गेला, पंक्चरचं दुकान कुठे ते सांगितलं, आणि परत आला तेव्हा शकुन अंगणात बाळाला तेल लावत होती.

"वर्षाली?"

"आत हाय. भरून राह्यली पिशवी."

पिशवी भरलेली होती. बाळाची दुपटी, औषधं, सगळं. मागचं दार उघडं होतं.

तिच्या चपला बाभळीखाली होत्या, काठाशी जोडून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. सकाळचं लख्ख ऊन. डोहावर एक तरंग नव्हता. मधोमध लाल गोळा.

देवीदासने उडी घेतली. डोहाचा तळ त्याला पाठ होता. त्याने तो हातांनी चाचपून काढला, वर आला, पुन्हा गेला. गाळ, मुळं, दगड. तो वर आला तेव्हा शकुन बाळाला घेऊन धावत आली होती. तिने चपला पाहिल्या.

"जाय, मोतीरामले आन! जाळं घेऊन ये म्हन!"

"पोट्टी धरा," शकुन म्हणाली. तिने बाळ त्याच्या ओल्या हातांत कोंबलं आणि वाडीतून गावाकडे धावली.

आता तिथे देवीदास होता, बाळ होतं आणि पाणी होतं. भोयांची वस्ती लांब होती. एवढ्या वेळात पाण्यात माणूस उरत नाही, हे त्याला कळत होतं.

गुळुक्.

डोहाच्या पलीकडच्या अंगाला. वर्तुळं उमटली आणि विरली.

"वर्षाली!" तो ओरडला. "वर्षाली, वं माय, ये इकडे! मी हाय! कुंदनराव येऊन राह्यले!"

हाकेने ती वर येत नाही. कशाने येते, ते त्याला माहीत होतं. ते आठवलं तसं त्याने बाळाकडे पाहिलं. बाळ तेलाने चमकत होतं, झोपाळलेलं, अजून नाव नसलेलं. फक्त पाय भिजवायचे, तो स्वतःशी म्हणाला. रडली की झालं. आई येईल, मी तिचा हात धरीन. धरला की सोडणार नाही.

तो काठाच्या दगडावर बसला. सावली पाण्यावर पडली, म्हणून जरा सरकून बसला.

बाळाच्या काखेत हात घालून त्याने त्याला खाली नेलं. पाणी तळव्यांना लागताच बाळ दचकलं, मग रडू लागलं. ते रडणं डोहावर पसरलं. पलीकडच्या काठावरून खंड्या उडून गेला.

लाल गोळा हलला. सावकाश, एकत्र, काठाकडे येऊ लागला. आणि गोळ्याच्या मागे, खोलवर, काही तरी वळलं. पाणी फुटलं नाही, फक्त उंच झालं. एक लांबट फुगारा सरळ दगडाच्या दिशेने निघाला.

"ये," देवीदास पुटपुटत होता. डोळ्यांत पाणी आल्याने त्याला नीट दिसत नव्हतं. "ये माय माही. तुही लेक रडून राह्यली. ये."

वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढ्या अंतरावर पृष्ठभाग उघडला. तोंड, एवढंच त्याला दिसलं. वर्षालीचं, की तिच्या केसांत गुंतलेलं आणखी कशाचं, ते कळायच्या आत त्या तोंडाने एक घोट हवा प्यायली आणि ते खाली गेलं. पिल्लं बाळाच्या पायांभोवती जमली, लाल, दाट. बाळ एकाएकी रडायचं थांबलं.

वाडीच्या कडेने माणसांचा गलका येत होता. सगळ्यांत पुढे शकुनचा आवाज होता. "धरून ठेवा! पोट्टीले धरून ठेवा हो!"

मग पाण्याखालून ओढ लागली. हिसका नव्हता. कुणी दोऱ्याला बोट लावून पाहावं, एवढीच.

आणि देवीदासची बोटं आपोआप सैल झाली.